एक नंबरचा टॅग

कुसुमताईला पोटाच्या कॅन्सरने जाऊन आठ महिने झाले, आणि तिचे धाकटे भाऊ दत्तोबाही तिच्यासारखेच जेवणानंतर पोट धरून बसू लागले. तिची मुलगी मिनल डॉक्टरकडे चला म्हणायची.

"ॲसिडिटी गं. चाकणला तीस वर्षं शिफ्ट केल्यावर दुसरं काय मिळणार?" मामा म्हणायचे.

देहूरोडजवळच्या एका दवाखान्यात संशोधन चाललं होतं. रक्तातल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रमाणावरून पोटाच्या कॅन्सरचा धोका आधी कळतो का, ते बघायचं होतं. मामांना पटावं म्हणून मिनल म्हणाली, "हा डीएनए फक्त आईकडून येतो. माझ्या आईचा आणि तुमचा एकच."

चूक तिथेच झाली. मामा कंपनीच्या क्वालिटी खात्यातून रिटायर झालेले.

"म्हणजे एकच बॅच! एक पीस फेल, की अख्खी बॅच होल्डवर."

शनिवारी त्यांनी आपल्या आईच्या बाजूचे सतरा नातेवाईक बसने दवाखान्यात आणले. सगळे उपाशी, सगळ्यांच्या मनगटाला नंबराचा टॅग. मामीलाही यायचं होतं.

"तू दुसऱ्या बॅचची. पोहे खा."

"आणि आपली पोरं?"

"तुझ्या बॅचची. त्यांनाही दे."

रांग बघून डॉ. विजयश्री उठून उभ्याच राहिल्या. "काका, आम्ही एकालाच बोलावलं होतं!"

"मॅडम, आपली शंभर टक्के तपासणी असते."

मिनलने टॅग मोजले. दोनपासून अठरापर्यंत. मामांचं मनगट मोकळं.

"एक नंबर तुमचा ना?"

"माझा न्हाई. इन्स्पेक्टर बॅचमध्ये नसतो."

"मामा, तुमची आई कोण?"

मामांनी हात खिशात घातला. "पण मी पोहे खाऊन आलोय. आता माझं रक्त चालायचं नाही."

"या तपासणीला उपाशी राहावं लागतच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

सतरा उपाशी माणसं मामांकडे वळली. तानुबाई मावशी ऐंशीच्या, पण आवाज खणखणीत. "धरा रं त्याला!"

मामांना एकोणीस नंबर मिळाला. "रक्ताचं हे अजून संशोधनच आहे," डॉक्टरांनी बजावलं, "पण बहिणीला कॅन्सर होता, तुमचं पोट दुखतंय. दुर्बिणीने बघायलाच हवं."

कॅन्सर नव्हता. अल्सर होता, औषधाने बरा होणारा.

रिपोर्ट घेऊन मामा ताथवड्याला मिनलकडे आले. खिशातून एक नंबरचा टॅग काढून त्यांनी कुसुमताईच्या फोटोला बांधला.

"पहिला पीस हिचा. हिने बॅच थांबवली, म्हणून मी सापडलो."

मिनलने गाठ सरळ केली आणि पोहे टाकायला आत गेली.