जावयाने पाठवलेला तिरका रेझर

उजवा गाल

रेझर तिरका होता. डबी उघडल्या उघडल्या ओळंब्यांच्या डोळ्यांना ते टोचलं. मूठ सरळ, पण वरचं डोकं एका बाजूला कललेलं, जसं काही मागून कुणी हाक मारली आणि ते तिथेच थांबलं.

ओळंबे हे त्यांचं खरं नाव नव्हे. तसबिरींच्या चौकटी बनवण्याचं त्यांचं दुकान होतं. तीस वर्षं काटकोनांच्या संगतीत काढल्यामुळे वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. दवाखान्यात गेले तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे आणि मग ताप सांगायचे. म्हणून गल्लीने त्यांना गवंड्याच्या दोरीला लटकणाऱ्या त्या वजनाचं नाव दिलं होतं, आणि त्यांनीही ते पदवीसारखं घेतलं होतं.

तर रेझर जावयाने पाठवला होता. सोबत चिठ्ठी: "वापरून बघा, कसा वाटतो सांगा." जावयाच्या मानाने हे भाषणच म्हणायचं. तो दिव्यांच्या कारखान्यात नवे दिवे आखायचा, आणि स्वतःच्या तोंडाचं बटण मात्र बहुतेक बंद ठेवायचा. लग्नाला आठ महिने झाले, पण सासऱ्या-जावयांची गाडी "प्रवास कसा झाला?" आणि "बरा झाला" यांच्या पुढे सरकली नव्हती.

त्यात ते दिव्याचं प्रकरण. लेकीच्या घरी ओळंबे पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावरच्या दिव्याची मान वाकडी दिसली. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, मान सरळ केली आणि स्क्रू असा आवळला की सात जन्म हलू नये. तो जावयाने आखलेला पहिला दिवा होता. वाकडाच आखलेला. जावई काही बोलला नाही. लेक बोलली.

"बाबा, त्याची एक तरी वस्तू आहे तशी राहू द्या. वचन द्या मला."

त्यांनी दिलं. लेकीला दिलेला शब्द त्यांनी तिच्या लहानपणापासून एकदाही मोडला नव्हता, अगदी नव्या सायकलच्या वाकड्या टोपलीच्या बाबतीतसुद्धा.

आज रविवार. लेक-जावई दुपारी जेवायला येणार होते.

"अहो, आज त्या नव्या रेझरने करा दाढी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याने विचारलं तर सांगायला काहीतरी हवं ना."

ओळंब्यांनी रेझर उजेडात धरला. टपालात आदळआपट झालेली दिसत होती. आता वचन काय होतं? वस्तू आहे तशी राहू द्यायची. पण 'आहे तशी' म्हणजे कारखान्यातून निघाली तशी की टपालवाल्यांनी करून ठेवली तशी? अर्थात पहिली. म्हणजे रेझर सरळ करणं हेच वचन पाळणं ठरत होतं. माणूस एकदा असा विचार करायला लागला की त्याला कुणी अडवू शकत नाही, आणि बायको तर कणीक मळत होती.

दुकान घराच्या खालीच. त्यांनी टेबलाला बसवलेल्या शिकंज्याच्या, म्हणजे व्हाइसच्या जबड्यांत जाड कापड घातलं, रेझरचं डोकं हळुवार पकडलं आणि मूठ ओढली. डोकं जागेवर आलं. वर पातळी तपासायची पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. त्यांना फार बरं वाटलं.

डावा गाल

बरं वाटणं चार मिनिटं टिकलं.

"हे काय झालं?" बायकोने दारात उभं राहून विचारलं. ओळंब्यांच्या गालावर कापसाचे तीन बोळे होते.

"पातं एका बाजूने वर येतंय. माल निकृष्ट आहे."

"त्याने पाठवलेली वस्तू निकृष्ट कशी असेल? थांबा, डबीच्या तळाशी कागद आहे." तिने चष्मा लावला. "पातं मुद्दाम तिरकं बसवलेलं आहे. त्यामुळे केस एका दमात न तुटता सरकत सरकत कापला जातो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि खाली जाड अक्षरांत लिहिलंय, डोकं सरळ करण्याचा प्रयत्न करू नये."

"जाड अक्षरांत कशाला?"

"तुमच्यासारखे आणखी असतील." मग तिच्या आवाजात वेगळीच शंका आली. "तुम्ही काही केलंत का?"

ओळंब्यांनी आरशात बघून गालावरचा एक बोळा सरळ केला.

"अहो."

"पण तिरकं पातं ही काय पद्धत झाली? कापायचं तर सरळ कापावं."

"दुकानात पुठ्ठा कापायचं तुमचं ते यंत्र आहे ना," बायको म्हणाली, "त्याचं पातं कसं खाली येतं?"

तिरकं येत होतं. तीस वर्षं रोज शंभर वेळा त्यांच्या डोळ्यांदेखत तिरकं येत होतं, आणि आडवं आलं असतं तर पुठ्ठा चुरगळला असता. त्यांनी साबणाचा फेस पुसला.

"किती वाजले?"

"साडेदहा. लेकीला मी काही सांगणार नाही," बायको म्हणाली. "पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

हनुवटी

वाकडं करायचं ठरलं, पण कोणत्या बाजूला? ओळंब्यांना आठवेना. कागदावर चित्र होतं, मुंगीएवढं. ते चित्र घेऊन ते शेजारच्या न्हाव्याकडे गेले.

"शेजारी, तोंडाला बोळे लावून माझ्या दारात उभे राहू नका," न्हावी म्हणाला. "गिऱ्हाइकाला वाटेल इथेच झालं." तो हे आरशाकडे बघून म्हणाला. पंचवीस वर्षांत तो कुणाशीही आरशातूनच बोलत आला होता.

"मला रेझर वाकडा करायचाय."

"ही बुद्धी तुम्हाला कधीपासून?"

"आधी वाकडाच होता."

"मग?"

"मी सरळ केला."

न्हाव्याने कात्री थांबवली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानेही श्वास थांबवला, कारण कात्री त्याच्या कानाशी होती.

"जावयाचा आहे," ओळंबे हळूच म्हणाले.

"अरे देवा. चित्र धरा इकडे, समोर."

त्यांनी कागद उंच धरला. आरशात न्हाव्याने पाहिलं, गिऱ्हाइकाने पाहिलं, ओळंब्यांनी पाहिलं.

"डावीकडे उतरता," न्हावी म्हणाला.

"डावीकडे," गिऱ्हाइकाने दुजोरा दिला.

"आणि मला सांगा, घ्यावा का असला रेझर? काही अर्थ आहे का त्यात?"

"वस्तरा आम्हीसुद्धा आडवा ओढत नाही, जरा तिरपाच धरतो. आमचा हात तिरका, तुमचं लोखंड तिरकं, एवढाच फरक. ज्याचे केस तारेसारखे त्याने जरूर घ्यावा. मऊ दाढीवाल्याने कशाला नसता खटाटोप? आणि दाबायचा नाही. तुम्ही दाबणार, माहितेय मला. दाबू नका."

ओळंबे व्हाइसपाशी परतले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखादी वस्तू मोजून मापून वाकडी करत होते, आणि डोळे अर्धवट मिटून करत होते. काम झाल्यावर नवं ब्लेड घालून त्यांनी हनुवटीवर फेस लावला. ती हनुवटी म्हणजे घरचा जुना शत्रू. तिथले केस कोणत्या दिशेला वाढायचे ते केसांनाच ठाऊक. त्यांनी रेझर नुसता ठेवला, दाबला नाही, आणि खाली आणला.

केस गेले. खरखर नाही, ओढ नाही. बोट फिरवलं तर हनुवटी दुसऱ्याच कुणाची तरी वाटली.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "हात लाव."

वरचा ओठ

इथे कुणी बोलू नये. बेल वाजली.

गळा

"बाबा, प्रवास बरा झाला," जावयाने आत येताच सांगून टाकलं, आणि आता काय बोलावं या विचाराने उभा राहिला. त्याची तीन आठवड्यांची दाढी वाढली होती.

"रेझर कसा वाटला?" लेकीने विचारलं. तिची नजर वडिलांच्या बोळ्यांवर होती.

ओळंबे सुरू झाले. हनुवटी सांगितली, न दाबण्याचं महत्त्व सांगितलं, तारेसारखे केस आणि मऊ केस यांतला भेद सांगितला. जावई ऐकत राहिला. मग तो म्हणाला, "मी माझ्यासाठीपण घेतला होता. फार कापून घेतलं. म्हणून ही दाढी." दाढी खाजवत तो पुढे म्हणाला, "तुम्ही दाखवता का करून?"

आता नाही कसं म्हणणार?

आतल्या खोलीत खुर्ची ठेवली, गळ्याशी टॉवेल खोचला. आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस. ओळंब्यांनी जावयाची हनुवटी दोन बोटांनी वर केली. आठ महिन्यांत त्यांनी त्याला नमस्कारापलीकडे स्पर्श केला नव्हता. समोर उघडा गळा होता, डोळे मिटलेले होते. इतक्या विश्वासाने बसलेल्या माणसापुढे वाकडा रेझर हातात धरून गप्प राहणं ओळंब्यांना जमेना.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "हलू नका. तो रेझर मी सरळ केला होता. मग कळलं. मग परत वाकडा केला. लेकीला शब्द दिला होता, तुमची वस्तू आहे तशी ठेवीन म्हणून. तो मोडला."

"हं," जावई फेसाच्या आतून म्हणाला.

"हं म्हणजे?"

"तुम्ही हातात घेतलात तेव्हाच दिसलं. मूळचा उजवीकडे उतरतो. हा डावीकडे."

ओळंब्यांना न्हाव्याचा आरसा आठवला, आणि त्या आरशात एकमताने माना हलवणारी तीन शहाणी माणसं आठवली.

"मग तुम्ही गळा कशाला पुढे केलात?"

"तुम्ही इतकं बोलत होतात," जावई म्हणाला. "थांबवावंसं वाटेना. आणि हा चालतोय की, बाबा. माझ्या रेझरपेक्षा बराच बरा चालतोय."

दारात लेक उभी होती. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. "पानं वाढतेय," एवढंच म्हणाली आणि गेली, पण जाताना हसत होती.

कल्ले

टॉवेल काढल्यावर ओळंब्यांना दिसलं. जावयाचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा खाली होता. फार नाही, दोन सुतं, म्हणजे पाव इंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. जावयाने आरशात पाहिलं, गालांवरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाला, "छान झालंय. असंच राहू दे."

ओळंब्यांचा हात रेझरकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. मग त्यांनी रेझर उचलला, नळाखाली धुतला आणि डबीत ठेवून झाकण लावलं.

जेवताना जावई समोरच बसला होता. तो दिव्यांबद्दल बोलत होता, बटण आज चालू होतं, आणि ओळंबे ऐकत होते.

"बाबा," लेक वाढता वाढता थांबली, "मान धरलीय का तुमची? मघापासून एका बाजूला कललीय."

"थोडीशी," ओळंबे म्हणाले, आणि मान आणखी जराशी कलती केली. आता जावयाचे दोन्ही कल्ले अगदी एका पातळीत आले.