सासूबाईंची मोठ्या अक्षरांची प्रत

आपल्या हातून कुणाला दुखत नाही, हा दातांच्या डॉक्टरांचा अभिमान होता. दवाखान्यात नाहीच, घरातही नाही. त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई जेव्हा नवी कादंबरी वाचवत नाही म्हणून हिरमुसल्या, तेव्हा जावयाने छाती पुढे काढून सांगितलं, "आई, रविवारपर्यंत तुमच्या हातात मोठ्या अक्षरांची प्रत देतो."

त्यांनी पानन् पान स्कॅन केलं, मुंगीएवढी अक्षरं झुरळाएवढी केली. शेवटच्या प्रकरणाशी आले आणि थबकले. नायिका तापाने फणफणून, एकटीच, खिडकीकडे बघत मरत होती! इकडे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, की सध्या डोळे चोळायचे नाहीत, रडायचं तर मुळीच नाही. आणि सासूबाई साबणाच्या जाहिरातीलाही डोळे पुसणाऱ्या.

घरातल्या घरात वाचायची प्रत, कुणाला कळतंय, असं म्हणून डॉक्टर कामाला लागले. त्यांनी नायिकेच्या शेजारी एक दातांचा डॉक्टर राहायला आणला. त्याने ताप उतरवला, धीर दिला आणि शेवटच्या पानावर लग्नाचं विचारलं. हा डॉक्टर उंच होता आणि त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. मूळ डॉक्टरांच्या बाबतीत दोन्हीची बोंब होती.

सासूबाई खूश झाल्या. इतक्या खूश, की जावई दवाखान्यात असताना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचनालयातल्या सगळ्या मैत्रिणींसाठी प्रती काढून आणल्या. हे डॉक्टरांना कळलं ते गाडीत, सासूबाईंना वाचनालयात सोडायला जाताना. तिथे आज खुद्द लेखिका येणार होत्या.

डॉक्टर दारातून परत फिरू शकले असते. पण पाय निघेना. ते मागच्या खुर्चीत अंग चोरून बसले.

सासूबाई सगळ्यांत आधी उठल्या आणि त्यांनी त्या शेजारच्या समंजस डॉक्टरचं तोंडभरून कौतुक केलं. लेखिकाबाईंनी चष्मा काढला.

"माझ्या कादंबरीत दातांचा डॉक्टर नाही."

"असं कसं? आहे की," सासूबाई म्हणाल्या, आणि मैत्रिणींनी आपापल्या प्रती उंच धरल्या. ज्यांनी दुकानातून पुस्तक घेतलं होतं त्या म्हणाल्या मेली, झेरॉक्सवाल्या म्हणाल्या लग्न झालं. गलका झाला. प्रतींवरचा शिक्का कुठल्या दुकानाचा आहे ते बघून ग्रंथपालांनी त्या झेरॉक्सवाल्यावर तक्रार करायची भाषा सुरू केली. त्या बिचाऱ्याने तर फक्त बटण दाबलं होतं. डॉक्टर उभे राहिले.

"त्याचा काही दोष नाही. हे मी केलंय. आईंनी रडू नये म्हणून."

लेखिकाबाईंनी ते प्रकरण तिथेच वाचून काढलं. मग शांतपणे म्हणाल्या, "घरच्या माणसासाठी अक्षरं मोठी केलीत, त्याचं मला कौतुकच आहे. मागितली असतीत तर मीच फाइल दिली असती. पण तिला मारताना मी वर्षभर झुरले. तुम्ही तिला एका दुपारी बरी केलीत, आणि वर नाव माझंच ठेवलंत."

डॉक्टरांनी कान पकडले. प्रती गोळा झाल्या. खरी कादंबरी मोठ्या अक्षरांत पाठवते, असं बाईंनी कबूल केलं. सगळं निभावलं, फक्त परतताना गाडीत सासूबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "मी तुमच्या सासऱ्यांना माझ्या हाताने शेवटचं पाणी पाजलंय. मला गोष्टीतलं मरण झेपणार नाही, असं वाटलं तुम्हाला?"

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. चुकलं, एवढंच म्हणाले.

खरी प्रत आली तोवर डोळे ठणठणीत झाले होते. सासूबाई गॅलरीत वाचत बसल्या. डॉक्टर दुपारचे पेशंट पुढे ढकलून, स्वच्छ रुमाल आणि पाण्याचा पेला घेऊन दाराआड उभे राहिले. शेवटचं पान उलटलं. सासूबाई हमसून हमसून रडल्या. डॉक्टर धावत गेले. सासूबाईंनी रुमाल घेतला, डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि तृप्त आवाजात म्हणाल्या,

"काय सुरेख मारलंय हो बाईंनी तिला! आणि जावईबापू, आता सांगायला हरकत नाही. तुमचा तो डॉक्टर जरा आगाऊच होता."