उपवासातला बस्तुर्मा

लबीबने तव्यावर तिसरं अंडं फोडलं आणि नेमकं दार वाजलं.

"लबीब, ए लबीब. मी इन्साफमावशी. चर्चमधून आलेय."

झाली पंचाईत. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास चालू. अख्खी शुब्रा वस्ती मसुराच्या आमटीवर दिवस काढतेय, आणि हा गृहस्थ साजूक तुपात अंडी आणि बस्तुर्मा, म्हणजे मसाला लावून वाळवलेलं मांस, परततोय. तोही कोण, तर ज्याच्या वडिलांनी हयातभर चर्चमध्ये झांजा वाजवल्या, त्यांचा मुलगा. बहीण लग्न होऊन गेल्यापासून एकट्या लबीबने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. पण असं नाव गेलं तर गल्लीत तोंड दाखवायचं कसं? त्याने दिवा मालवला आणि तो श्वास रोखून भिंतीला चिकटला. गॅस बंद करायचा मात्र राहिला.

मावशी हटणाऱ्यातल्या नव्हत्या. चर्चमधली बाकं रिकामी पडायला लागल्यापासून त्या रोज जिने चढून कुणा ना कुणाचं दार वाजवत. थोड्याच वेळात दाराखालून धूर आला.

"अगं बाई, लबीब गेला वाटतं," म्हणत मावशींनी जिना डोक्यावर घेतला. वरच्या मजल्यावरून रिफअत आणि त्याचा भाऊ धावत आले. दोघांनी खांदे लावले आणि दार कडीसकट आत पडलं. लबीबला काही सुचेना. तो सरळ फरशीवर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"जिवंत आहे ना?" रिफअतने विचारलं. मग नाक वर करून म्हणाला, "मावशी, हा वास कसला?"

मावशींनी करपलेला तवा पाहिला. आडव्या लबीबकडे पाहिलं. त्याची एक पापणी थरथरत होती.

"अशक्तपणा आलाय त्याला," त्या शांतपणे म्हणाल्या. "आजाऱ्याला कसला आलाय उपास?" मग वाकून लबीबच्या कानात म्हणाल्या, "बस्तुर्मा फार जाड कापतोस रे. आता गप पडून राहा."

झालं, लबीब आजारी पडला. दुसऱ्या दिवसापासून चर्चची माणसं पाळीपाळीने येऊ लागली. कुणी आमटी आणली, कुणी भात भरलेली द्राक्षाची पानं. दार मोडल्याची लाज वाटून रिफअत आणि भावाने नवं दार बसवलं, आणि आमटीसाठी थांबले. अबूना प्रार्थनेला आले, तेव्हा त्या पाद्रीबाबांनाच बसायला जागा उरली नव्हती. खरं सांगायचं तर लबीबला हे आजारपण भलतंच मानवलं. आपल्या घरात इतकी माणसं बोलतायत हे ऐकून एकदा त्याला रडूच आलं. अशक्तपणा, सगळे म्हणाले.

रविवारी त्याला खुर्चीत बसवून चर्चला न्यायचं ठरलं. उचलायला रिफअत आणि भाऊ, ते दमले की खालच्या मजल्यावरचे दोघे, मागे सगळ्यांची बायकापोरं. यातलं कुणी कित्येक वर्षांत तिकडे फिरकलं नव्हतं. त्या दिवशी मागची बाकंसुद्धा भरली. कुणीतरी लबीबच्या हातात वडिलांच्या झांजा दिल्या, आणि आजारी माणूस प्रार्थना संपेपर्यंत उभ्याने वाजवत राहिला.

"आमटी लागू पडली," मावशी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लबीबला बरोबर घेतलं. "माझे गुडघे गेलेत. दार तू वाजव."

पलीकडच्या गल्लीत, पार वरच्या मजल्यावर लबीबने दार वाजवलं. आतला दिवा पटकन मालवला. फटीतून मटणाचा वास मात्र येत राहिला.

मावशी हाक मारणार, तोच लबीबने त्यांना हाताने थांबवलं आणि दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "भाऊ, आधी गॅस बंद कर. मग सावकाश दार उघड. आम्ही थांबतो."