दोन नरटोकांची केबल आणि उमाबाईंचा तुकडा

श्रीसूर्य समर्थ, मावळल्यावरही समर्थ असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन वद्य पक्षी, राज्यात वर्तमान ऐसे जाहले, की महाराजांनी दिवसाचे ऊन साठवावयास माळावर खोलीएवढ्या बॅटऱ्या मांडविल्या, आणि ऊन त्यांत मांजरासारखे पाय पोटाशी घेवोन निजू लागले. राणीसाहेब पहिलटकरीण, त्यांस अंधाराचे भय बहुत. "दिवा नसेल तर मी बाळंत होणार नाही," ऐसे निक्षून बोलिल्या. मग आज्ञा जाहली, की बॅटऱ्यांकडील अर्धी केबल सरदार हैबतरावांनी करावी, महालाकडील सरदार मानाजीरावांनी, आणि माळाचे मध्यी जोड द्यावा. उभयता व्याही, मानाजीरावांची कन्या उमाबाई हैबतरावांची सून. मग नारिंगी केबली गवतातून निघाल्या, आणि हरणे त्या ओलांडोन जाऊ लागली, आणि हैबतरावांचे केबलीस कान लाविला तर आत दुपार ऐकू येई. जोडात एक टोक खिळीचे, ते नर. दुसरे खोबणीचे, ती मादी. समोरासमोर आली तो दोन्ही नर.

हैबतराव म्हणाले, "व्याहीबुवा, आम्ही मुलाकडचे. खोबण आम्ही करावी की काय?" मानाजीराव म्हणाले, "लग्नात तुमचे पाय धुतले, रुसल्या मामांस चांदीची वाटी दिली. आता केबलीतही आम्हीच वाकायचे?" "वाका की, सवय आहे तुम्हांस." "जा हो!" मग दोघे आपापले टोक धरोन, पाठीस पाठ लावोन गवतात बसले, आणि सूर्य टेकडीस लागला, आणि महालात कळा सुरू जाहल्या. राणीसाहेब दर कळेस पुसत, "लागला का दिवा?" दासी म्हणे, "मानपान चालला आहे, बाईसाहेब."

मग उमाबाई आल्या. त्यांनी वीतभर केबल घेतली आणि कारागिरांकडोन तिची दोन्ही टोके खोबणीचीच करविली. हैबतराव म्हणाले, "सूनबाई, हे कोणाकडचे?" "माझ्याकडचे." "आणि मान?" "तुम्हां दोघांस वाटून दिला. मामंजी, हात काढा. आबा, तुम्हीही." दोहोंकडून खिळी आत गेल्या, टक ऐसे वाजले, आणि निजले ऊन आळस देवोन उठले आणि केबलीतून चालत महालात गेले. सांजवेळी बाळंतघरात दुपार जाहली. कन्या जाहली, तिने आधी डोळे मिचकाविले, मग रडली.

येणेप्रमाणे उजेड जाहला. हैबतराव सांगतात, आम्ही दिला. मानाजीराव सांगतात, आम्ही नेला. मधला तुकडा अद्याप गवतात आहे, त्यास दरबारी आसन नाही. माहेरी जाता आणि सासरी येता उमाबाई त्याजपाशी घटकाभर बसतात. तेथे ऊब असते.