कुठे बसला होतात?

राऊत डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलात, तर ते नाडी बघत नसत, जीभ बघत नसत. पहिला प्रश्न एकच : "कुठे बसला होतात?"

बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार तर भडकलाच होता. "साब, बुखार का बोलो. बैठने का क्या पूछते हो?" डॉक्टर शांत. गवतात बसलास की पेंढ्यावर? गोठ्यात? उंदीर किती आहेत? एवढं सगळं कागदावर उतरवून झालं की गळ्यात दोरीला बांधलेली बॅटरी पेटायची आणि माणसाच्या कानामागे, काखेत, बेंबीत शोधमोहीम सुरू. लोक त्यांना बॅटरी डॉक्टर म्हणत. मी त्याहून वाईट म्हणत असे, पण नातवंडं वाचतील म्हणून लिहीत नाही.

मी त्यांच्या सहा खाटांच्या दवाखान्यात सिस्टर होते. रोज घिवलीहून पहिल्या एसटीने बोईसरला यायचे. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, सहा महिन्यांचा कोर्स केलेला, आणि डोक्यात हवा मात्र सिव्हिल सर्जनची! आज ती बाई समोर आली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन. आसपासचे डॉक्टर ताप दिसला की सलाइनची बाटली लावत. बाटली लागली की पेशंट खूश, नातेवाईक खूश. आमचे डॉक्टर म्हणजे उंदीर मोजणार. मला लाज वाटायची त्यांची.

बरं, दवाखान्यात विचारतील तेवढ्यावर थांबतील तर ते राऊत कसले? सातपाटीची मासळीवाली टोपली घेऊन दारात आली की हे विचारणार, "तुमच्या आळीत कोणाला ताप?" एकदा ती म्हणाली, "डाक्टर, मावरा घेवाचा हाय का ताप मोजाचा हाय?" मी आत तोंडाला पदर लावून हसत होते.

सुट्टीच्या दिवशी ते बऱ्या झालेल्या पेशंटच्या पाड्यावर जात. तिथे पेशंट जिथे बसला होता, बरोबर तिथेच जाऊन बसत. म्हणे जागा कळली की रोग कळतो. सोमवारी पँटीच्या मागे चिखल, कुसळं, कधी शेण. मग मी काउंटरवरच्या मुलीला डोळा मारून विचारायची, "काय डॉक्टर, काल कुठे बसला होतात?"

चेष्टा त्यांना कळत नसे. ते खुर्ची ओढून सविस्तर सांगत. ओढ्याच्या काठी, करंजाखाली, तिथे एक म्हातारा भेटला, त्याने काकडी दिली. मी हं हं करत गॉज कापायची. सोमवार झाला की हा आमचा ठरलेला तमाशा. अकरा वर्षं चालला.

अशात एका दिवाळीनंतर डोंगराकडच्या पाड्यावरची जानी आली. गवत कापायच्या कामावर होती. सहा दिवस ताप, डोकं धरून बसलेली, डोळे लालभडक. मलेरिया निघाला नाही, डेंगी निघाला नाही. तिचा नवरा सोन्या खाटेच्या पायाशी उकिडवा. डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याच्या मीटिंगला गेलेले. जाताना सांगून गेले, "सिस्टर, अंग नीट बघून ठेवा. मी उद्या सकाळी येतोच."

मी अंग पुसायला घेतलं. कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, काळा डाग. विडीने चटका दिल्यासारखा.

माझं डोकं फिरलं. ताप उतरत नाही म्हणून भगताकडून डागून घेणारे मी ढिगाने पाहिले होते. "डागून आलीस ना? आणि मग आमच्या दारात मरायला येता!"

"नाय डागला, बाय," जानी पुटपुटली. "आपसूक झाला."

"आपसूक कोणी भाजतं का?" मी तिला चांगलं झापलं. सोन्याला झापलं. भाजल्याचं मलम लावलं, वर पांढरीशुभ्र पट्टी मारली. आपल्याच हातच्या कामाकडे दोनदा वळून पाहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी जानीला धाप लागलेली. हाक मारली तरी उत्तर उशिरा. डॉक्टरांनी मला चादर धरायला लावली आणि बॅटरी पेटवली. कान, मान, काख. कमरेशी थांबले.

"हे काय?"

"भगताने डागलंय. मी ड्रेसिंग केलंय."

"तिने सांगितलं?"

"त्या कधी सांगतात का?"

डॉक्टरांनी पट्टी उचकटली, मलम पुसलं, डागाच्या कडेला बोटाने दाबलं. "जाने, दुखतंय?"

"नाय."

"डागलंय का गं?"

"नाय डागला. बायला सांगला मी. बाय आयकत नाय."

"कुठे बसली होतीस?"

"गवतात. भारा बांधताना."

डॉक्टर माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सिस्टर, भाजलेलं दुखतं. हा उंदरांवरून गवतात उतरणाऱ्या किड्याचा चावा, ताप त्याचाच. किडा डोळ्यांना दिसत नाही, खूण मात्र ठेवून जातो." ती खूण मी पट्टीखाली झाकली होती. जानीचा एक अख्खा दिवस मी खाल्ला होता, आणि तिच्याकडे दिवस फार उरले नव्हते.

औषध काय, तर मुरमांवर देतात तीच साधी गोळी! दोन दिवस मी खाटेजवळून हलले नाही. जानीची छाती वरखाली होताना बघत राहिले. देवाला काय काय कबूल केलं, ते अजून सगळं फिटलेलं नाही. तिसऱ्या सकाळी जानीने डोळे उघडले आणि भाकर मागितली.

सोन्याने विचारलं, "डाक्टर, कसा वलखला?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"या बाईंनी डाग आधी बघितला," डॉक्टर म्हणाले. "मी मागाहून."

पुढच्या आठवड्यात सोन्या माझ्यासाठी पाटीभर करांद्याचे कंद घेऊन आला. मी ते उकडून, मीठ लावून, निर्लज्जासारखे खाल्ले. तेव्हापासून पंचक्रोशीत मी डाग ओळखणारी बाय. आजही आरोग्याच्या कामावरच्या पोरी मला विचारायला येतात, "आजी, तुम्ही कसं ओळखलंत?"

परवा त्या गेल्यावर मला राहवलं नाही. डॉक्टर आता पालघरला राहतात, एकटेच. लग्न केलंच नव्हतं. उंदरांतून वेळ मिळाला तर ना! फोन लावला.

"डॉक्टर, तेव्हा खोटं का बोललात?"

"खोटं कुठे? बघितलं तुम्हीच आधी."

"मला काढून टाकायला हवं होतं तुम्ही."

 

"काढलं असतं," ते म्हणाले, "तर सोमवारी मला कोणी विचारलं असतं, कुठे बसला होतात म्हणून? दुसरं कोणी विचारत नव्हतं."

अकरा वर्षं. डोळा मारून.

 मग मी विचारलं, "आज कुठे बसला होतात?"

"गॅलरीत," ते लगेच म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "सकाळी ऊन येतं तिथे. समोरच्या जांभळावर एक घार बसते..."

दारात सून उभी होती. भाजी करपतेय, असं खुणेने सांगत होती. मी तिला हातानेच थांबवलं आणि खाली बसले.