आत जाऊन बसणारे खरातसाहेब

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे खरातसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी यजमानाचा हात धरायचे, तळवा वर करायचे आणि म्हणायचे, "गेला बघा. आत्ताच गेला."

पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी घाबरून विचारलं, "कोण गेला?"

"म्यूऑन! वरून हवेतून आला, तुमच्या हातातून गेला. आता खालच्या नाईकांच्या डोक्यातून जाईल. तिथं त्याला काही अडथळा नाही."

ही ऐंशीनंतरची वाशी. खाडीवर पूल होता, तरी पलीकडच्या नातेवाइकांना आम्ही परदेशी गेल्यासारखेच वाटायचो. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर. खरातसाहेब मूळचे जालन्याकडचे, पन्नाशीचे, एकटे. पुलापलीकडे एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ.

माझ्या बायकोनं, शालननं, एकदा चहा देताना विचारलं, "भावजी, पण ह्या म्यूऑनचा उपयोग काय?"

झालं! चहाचं पाणी झालं, साहेब थांबेनात. "वहिनी, हा कण म्हणजे पाहुणा. यंत्रातून तयार करायचा आणि पदार्थात सोडायचा. तो गुपचूप आत जाऊन बसतो. आजूबाजूला चुंबकत्व असेल तर भोवऱ्यासारखा डोलतो, आणि पापणी लवायच्या आत मरतो. मरताना दुसरा एक कण फेकतो. तो कुठल्या दिशेला गेला त्यावरून आम्हाला आतली हालत कळते. माणसांचंही तसंच, बरं का. विचारलं की खोटं सांगतात. आत जाऊन बसायचं!"

आणि ते खरंच बसायचे. कुणाच्याही घरात दहा मिनिटं, मुकाट. मग जिन्यात निकाल द्यायचे, "नाईकांकडे टीव्ही चालू, बोलणं बंद. भांडण कालचं आहे, आजचं नाही." निकाल हमखास बरोबर निघायचा. त्यामुळे त्यांची चाहूल लागली की लोक दिवे घालवायचे.

साहेबांनी चार वर्षं खपून, स्वतः कुटून, भाजून एक काळी टिकली बनवली होती. कापराच्या वडीएवढी. "इथं कितीही थंड करा, हिच्या आतली चुंबकं एका दिशेला तोंड करतच नाहीत. आपल्या सोसायटीची मीटिंग!" त्यांचा संशय होता, की फारच थंड केली तर करतील. तसं यंत्र आपल्याकडे नव्हतं. शेवटी परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं त्यांना चार दिवस दिले. टिकली कुंकवाच्या करंड्यात घालून साहेब विमानात बसले.

परतले ते नाचतच. नाईकबाईंनी परदेशी साबणाच्या आशेनं हात पुढे केला, हातात पडला आलेखाचा कागद. "हे डोलणं बघा! वळली एका दिशेला!"

"अय्या, खरंच?" म्हणत बाईंनी तो पिठाच्या डब्याखाली घातला.

पुढे दोनेक महिन्यांत आमच्या कारखान्याला टाळं लागलं. घरी सांगायचा धीर होईना. रोज डबा घेऊन निघायचो आणि खाडीच्या कडेला, होड्या लागतात तिथं बसायचो. पाचव्या दिवशी जरा लांबच्या दगडाकडे गेलो, तर तिथं एक माणूस आधीच डबा उघडून बसलेला. खरातसाहेब!

"तुम्ही इथं?" दोघांनी एकदमच विचारलं.

बाजूच्या होडीपाशी जाळं विणत बसलेली एक म्हातारी हसली. "दादा, ह्यो सायेब आठ दिस येतो, आता तू पन आलास. हापिस हाय का काय इथं?"

साहेबांनी सरकून मला जागा दिली, चटणी पुढे केली. माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "नखं स्वच्छ आहेत, साळवी. कारखाना कधी बंद झाला?"

मी सांगितलं. मग विचारलं, "आणि तुमचं?"

"ती चुंबकं टिकलीची नव्हतीच हो. मी पोलादी खलात कुटली ना, खलाचाच भुगा आत गेला. चार वर्षं मी खलाचा अभ्यास केला!" हसायला गेले, जमलं नाही. "महिन्याची रजा टाकलीय."

"मग घरी पडून राहा की. तुमच्याकडे कोण आहे, ज्याच्यापासून लपवायचं?"

"कुणी नाही." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "पण सकाळी जिना उतरताना तुम्ही कुणी ना कुणी म्हणता, 'निघालात का साहेब?' कामाचं सोडून माझ्याशी तेवढंच बोलतं कुणी. घरी बसलो तर तेही जाईल."

संध्याकाळी मी शालनला सगळं सांगून टाकलं. माझं ऐकून ती म्हणाली, "ठाऊक होतं. पाच दिवस कपड्यांना तेलाचा वास नाही." साहेबांचं ऐकून मात्र तिनं एवढंच विचारलं, "सकाळी किती वाजता निघतात भावजी?"

पुढे मला महाप्याला काम लागलं, साहेबांनी दगडी खल आणून नवी टिकली कुटायला घेतली. पण सांगायचं आहे ते शालनला सांगितलं त्याच्या दुसऱ्या सकाळचं. साहेब डब्याची पिशवी घेऊन जिना उतरत होते. शालन दार उघडून उभीच होती.

"निघालात का भावजी?"

"निघालो, वहिनी."

"परत कधी येणार?"

साहेब थांबले. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं. तसेच खाली गेले. मग फाटकापासून माघारी आले, दोन पायऱ्या चढले आणि म्हणाले, "सातला. सातपर्यंत येतो."