किनेसिऑलॉजीवाल्यांनी उचललेलं टेबल

सकाळी नऊला डीनच्या ऑफिसातून फोन आला. मीटिंगच्या खोलीतलं ओकच्या लाकडाचं जड टेबल भिंतीकडे सरकवायचंय, किनेसिऑलॉजीतली दोन दणकट माणसं पाठवा.

"आम्ही दणकट नाही, प्राध्यापक आहोत," ओक्साना ह्रित्साक म्हणाली.

"हो, पण तुम्ही खेळवालेच ना?"

दुखणं इथंच होतं. कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या त्या छोट्याशा विद्यापीठात कुणी त्यांना चेंडूत हवा भरायला बोलवायचं, कुणी जिमच्या किल्ल्या मागायचं. शरीर हलतं कसं आणि बिघडतं कुठं, याचंही शास्त्र असतं हे कुणाच्या गावीच नाही. आणि आज दहाला तिघांची कमिटी येऊन ठरवणार होती, की हा विभाग स्वतंत्र ठेवायचा की क्रीडा कार्यालयात ढकलून मोकळं व्हायचं. ओक्साना विभागप्रमुख. अशा दिवशी डीनला नाही कसं म्हणणार? गेली बिचारी, सोबत वेंडेलला घेऊन. वेंडेल म्हणजे वजन उचलताना पाठ कशी सांभाळावी, यावर बावीस वर्षं संशोधन केलेला गडी.

"गुडघ्यात वाकायचं, वजन अंगाजवळ," त्यानं तिला बजावलं. तेवढ्यात डीन दारात आले. झालं, वेंडेलनं भाव खायला एकट्यानंच टेबल उचललं. सरळ कमरेतून वाकून.

पाठीत कट्.

"वेंडेल?"

"बोलू नकोस. मी टेबलाखाली आडवा होतोय."

"अरे, कमिटी आली की."

"सांग, प्रात्यक्षिक चालू आहे."

"हेच ना पाठीचे तज्ज्ञ?" डीननी विचारलं. ओक्सानाला वाटलं, आपणही टेबलाखाली जावं.

कमिटीचे प्रमुख प्रूडन उणे तीसच्या थंडीत तीन तास गाडी हाकून आले होते. आले ते थेट वेंडेलला पाय धरून बाहेर ओढायला निघाले.

"साहेब, इतका वेळ बसून आलात. जरा चाला, मग वाका."

"बाई, मी गव्हाच्या शेतात वाढलोय. मला वाकायला शिकवू नका."

वाकले. आणि तसेच राहिले.

विभाग गेला, ओक्सानाच्या मनात आलं. मग म्हटलं, गेलाच आहे तर जाऊ दे. कमिटीसाठी पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवून ती पुढं झाली. "श्वास रोखू नका. हात टेबलावर. आता एकेक गुडघा खाली." बघता बघता प्रूडन जमिनीवर उताणे, पोटऱ्या खुर्चीवर.

"बरं वाटतंय," ते जरा संशयानंच म्हणाले. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही, किनेसिऑलॉजी."

"म्हणजे ते चेंडूवाले?"

"तेच," टेबलाखालून वेंडेल म्हणाला.

एवढ्यात कमिटीतल्या डेलॉर्मबाईंनी कोट काढला. "बर्फ उपसला की माझा खांदा धरतो हो." ओक्सानानं फावडं समजून त्यांच्या हातात कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू दिला, उपसून दाखवायला लावलं, हातांची जागा बदलली. "पाय फिरवा, खांदा नको." बाईंनी पुन्हा उपसलं, तिसऱ्यांदा उपसलं, थांबेचनात. तिसरे सदस्य ट्रान बूट काढून प्रूडनशेजारी आडवे झाले. म्हणे, माझी मान बघा.

डीन दारातच. आत यावं की जावं, त्यांना कळेना.

"मतदान इथंच उरकू," प्रूडन जमिनीवरून म्हणाले. "विभाग स्वतंत्र ठेवायचा, त्यांनी हात वर."

जमिनीवरून दोन हात वर गेले, डेलॉर्मबाईंचा झाडूसकट तिसरा. मग टेबलाखालून चौथा.

"वेंडेल, तुला मत नाही," ओक्साना म्हणाली.

"मत कुठं देतोय? कुणीतरी उठवा मला."